शांतवन मास्तरांची पेटी

मी पेटी बोलतेय, सुरांची पेटी. माझ्या भात्याला ठिगळं आहेत आणि मधल्या काही पट्ट्या मुक्या आहेत. त्या कशा मुक्या झाल्या, ते ऐका.

पासष्ट साली देहूरोडच्या शांतवन मास्तरांनी मला जुन्या बाजारातून घरी आणलं. ते लष्करी डेपोत कारकून होते. रविवारी मला सायकलच्या कॅरिअरला बांधून ते आकुर्डीच्या कामगार वस्तीत सुवार्ता सांगायला जात. ख्रिस्ताचा निरोप घेऊन फिरलेल्या प्रेषितांचे दिवस ते सणासारखे पाळत. म्हणत, "पेत्र, पौल, तोमा देवळात बसून राहिले नाहीत. रस्त्यावर उतरले, मार खाल्ला, जीव दिला. म्हणून आपल्यापर्यंत ख्रिस्त पोचला."

वस्तीत सयाजीची हातभट्टी होती. त्याचं पक्कं गिऱ्हाईक किसन. कारखान्यात हेल्पर होता, आणि पिऊन आला की बायकोला, गिरजाबाईला, गुरासारखा बडवायचा. मास्तरांचं ऐकता ऐकता त्यानं दारू सोडली, बाप्तिस्मा घेतला. त्याचं बघून आणखी माणसं भट्टीकडे फिरकेनाशी झाली.

पेत्र-पौलाच्या सणाला वस्तीत भजन रंगात आलं होतं. तेवढ्यात सयाजी माणसं घेऊन घुसला. सायकलची चेन मास्तरांच्या तोंडावर बसली. त्यांचा दात माझ्या पट्ट्यांवर पडला. कुणीतरी कोयत्यानं माझा भाता फाडला. मग सयाजीनं मास्तरांचा उजवा हात माझ्यावर दाबून धरला आणि पहार घातली. त्यांची बोटं आणि माझ्या पट्ट्या एकाच घावात मोडल्या.

"आता वाजव!" तो म्हणाला.

घरी मार्थाबाईंनी नवऱ्याला बजावलं, "पुन्हा तिकडं पाऊल टाकायचं नाही."

"पौलाला दगडांनी ठेचलं, मेला म्हणून गावाबाहेर ओढून टाकलं. तो उठला आणि त्याच गावात परत गेला, मार्था."

"पौलाला बायको नव्हती!" त्या ओरडल्या आणि रडायला लागल्या.

तरी हाताचं प्लास्टर निघायच्या आत मास्तर निघाले, तेव्हा मार्थाबाईही बरोबर निघाल्या. मला ठिगळ लावून घेतलं होतं. त्या भाता हलवायच्या, ते डाव्या हातानं वाजवायचे.

सयाजी पुन्हा आला. त्यानं मार्थाबाईंच्या झिंज्या धरून त्यांना फरफटत नेलं. सुरा उगारला, तसा किसन मध्ये पडला. सुरा मुठीपर्यंत त्याच्या पोटात गेला. तो माझ्यावरच कोसळला. त्याचं ऊन रक्त माझ्या भात्यात झिरपलं.

गिरजाबाईनं हंबरडा फोडला. "मारत हुता, पर जिता हुता! तुमच्या प्रेषितांनी माझा दादला खाल्ला, मास्तर!"

सयाजीला जन्मठेप झाली. मास्तरांनी मला खाटेखाली ढकललं. ते प्रेषितांचं नावही घेईनासे झाले. जेवताना मध्येच हात थांबायचा, नजर भिंतीवर जायची.

असं वर्ष गेलं. एके दुपारी गिरजाबाई दारात उभी राहिली.

"पेटी काढा, मास्तर."

"कुठल्या तोंडानं काढू, बाई?"

"दुसऱ्यानं भट्टी लावलीया. बाया पुन्यांदा मार खात्यात. माझा मानूस सुधारला त्यो तुमचं ऐकून, ह्ये काय खोटं न्हाई. मी तुमाला माफ केलेलं न्हाई. तरी बी चला."

मास्तर उठले. खाटेखालून मला ओढून त्यांनी माझ्यावरची धूळ पुसली.

पुढं कितीदा दगड आले, शेण आलं, एकदा जळता टेंभा आला. त्यानं माझी एक बाजू काळी पडली. आम्ही जात राहिलो. मास्तर वारल्यावर मार्थाबाई वाजवायला लागल्या, आणि मला डोक्यावर घेऊन वस्तीत पोचवते ती गिरजाबाई.

आता ख्रिस्ती मंडळीतले लोक म्हणतात, या पेटीनं फार सोसलं, तिला देवळात काचेच्या कपाटात ठेवू आणि प्रेषितांच्या सणाला हार घालू. तुमचा मान मला कळतो. पण मंडळी, हार नको. मार मी खाल्लाय, अजून खाईन. माझा भाता फाटेपर्यंत मला रस्त्यावर नेत राहा.