हळद लागलेलं वावर

श्रावण सरत आला होता. सीना नदीच्या काठावर ऊन-सावलीचा लपंडाव थकून थांबला होता, आणि निवळलेल्या नीलनभाखाली एकच वावर पिवळं झालं होतं. सुवर्णपीत, सूर्यपीत, ओल्या हळदीच्या लेपासारखं पिवळं. चहूकडे काळी रानं रब्बीच्या ज्वारीची वाट पाहत उघडी पडली होती. त्या कृष्णविस्तारात द्वारकेचा ताग तेवढा फुलला होता.

झुळूक आली की फुलोरा झुके, उठे, पुन्हा झुके. मधमाश्यांचा मंद्र गुंजारव दिवसभर चाले. रस्त्याने जाणारा क्षणभर थांबून बघे, आणि मग हसे. कारण हे पीक कापायचं नव्हतं. फुलोरा ऐन भरात आला की ते मातीत गाडायचं, एवढ्यासाठीच ते पेरलं होतं. बी विकत आणून पीक मातीत घालणारी सून गावाने पाहिली नव्हती, आणि गावाला हसायला एवढं पुरतं.

वर ताग होता. खाली लव्हाळा होता.

लव्हाळ्यासारखं हट्टी गवत या मुलखात दुसरं नाही. तिधारी, तकतकीत, चिवट. वरून खुरपावं तर खालच्या काळ्या गाठी अंधारात निवांत निजलेल्या. एक तोडावी तर तिच्या धाग्याला लोंबणाऱ्या चार जाग्या होतात. ज्वारीच्या आधी तो उगवे, ज्वारीच्या तोंडचा घास तो खाई. द्वारकेची सासू हौसाबाई या गवतापुढे जन्मभर वाकली, आणि शेवटी तिची कंबर वाकलेलीच राहिली. तिच्या बोटांना त्या गाठींचा उग्र-गोड वास होता. आंघोळीने तो जात नसे.

द्वारकेचा नवरा ट्रक घेऊन बाराही महिने मुलखाबाहेर. धाकटा दीर अंबऋषी शेजारच्या बांधापलीकडे ऊस लावतो. त्याने सरळ सांगून ठेवलं होतं की वहिनींच्याने हे वावर आवरत नाही, तेव्हा ते आपल्या उसात घालावं. नवऱ्यानेही फोनवर होकार दिला. फार ओढून-ताणून द्वारकेने संक्रांतीपर्यंतची मुदत मिळवली होती. तोवर लव्हाळा हटला तर वावर तिचं, नाही तर अंबऋषीचं. या गावात तिचं म्हणावं असं हे एवढंच रान होतं, आणि ते सोडायचं नाही असं तिने मनाशी पक्कं केलं होतं.

म्हणून वैशाखात तिने रान खोल उलथलं. तप्तताम्र उन्हात गाठी उघड्या पडल्या, भाजल्या, सुरकुतल्या. म्हणून आषाढात तिने मुठीने बी फेकत ताग दाट फोकला, इतका दाट की दोन ताटांमधून उजेडाला वाट मिळू नये. ताग वाढला, खांद्याला आला, डोक्यावर गेला. त्या हरितघन छपराखाली भर दुपारी संध्याकाळ होऊ लागली.

आता गाडायची वेळ झाली होती. फुलातल्या तागाचं खत होतं. निबर झाला की त्याचे दोरच वळायचे. पण बैल हौसाबाईचे होते. तिने लहानपणापासून सांभाळलेले, तिच्याच हाकेला ओ देणारे. आणि हौसाबाईने दाव्याला हात लावू दिला नाही.

"फुलावर आल्यालं पीक पोटुशी असतंय, द्वारके," ती म्हणाली. "पोटुशीवर नांगर घालायचा न्हाई. माझ्या बैलांच्या माथी ते पाप नगं."

या काठावर फुललेल्या पिकाला पाय लावत नाहीत. वाटेत आडवं आलं तरी वळसा घालून जातात. द्वारकेनेही लहानपणापासून असाच वळसा घातला होता. तरी रोज सकाळी रानात जाऊन ती एक ताट वाकवून बघे, आणि रोज ते वाकायला थोडं जड जाई. गाडायची वेळ मुठीतल्या वाळूसारखी निसटत होती.

शेवटी तिने सासूचा हात धरला आणि तिला त्या पीतवनात नेलं.

वर सोनं होतं. आत सावली होती, गार, ओलसर, मौन. द्वारकेने दोन्ही हातांनी ताटं फाकली. जिथे दर साल पाऊल ठेवायला जागा नसे, तिथे उघडी काळीभोर माती दिसत होती. अधूनमधून लव्हाळ्याचे कोंब होते, पण फिकट, पांढुरके, उजेडाला पारखे झालेले. हौसाबाई खाली बसली. तिने एक कोंब धरून ओढला, आणि तो मुकाट वर आला. त्याची गाठ तिने अंगठ्याने दाबली. आत काही नव्हतं. पोचट.

जन्मभराचं खुरपं तिच्या डोळ्यांपुढून गेलं असेल. तिच्या मांडीवर, पदरावर, पांढऱ्या केसांवर वरून पिवळ्या पाकळ्या पडत होत्या, आणि ती त्या झटकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी उन्हं कासराभर वर आली तेव्हा बांधावर बैल होते. हौसाबाईच्या हातात खण होता, नारळ होता, ओंजळभर तांदूळ होते. तिने तागाला हळदीकुंकू वाहिलं. खण मातीवर अंथरला, त्यात तांदूळ घातले, वर नारळ ठेवला, आणि लेकीची भरावी तशी वावराची ओटी भरली.

"माजंच चुकलं," ती म्हणाली. "ही पोटुशी न्हाई, हळद लागल्याली नवरी हाय. तिला मांडवात किती दिस ठिवायची? वाटंला लावू या."

मग ताग आडवा पाडायला बैलांमागे फळी जुंपली. फळीला भार हवा. द्वारका पुढे झाली, तर सासूने तिला बाजूला सारलं. आणि तीच, कंबरेत वाकलेली हौसाबाई, कासरे धरून फळीवर उभी राहिली. बैल निघाले. सुवर्णलाटा तिच्यापुढे झुकत गेल्या, मिटत गेल्या, निजत गेल्या. ती रडत होती आणि बैलांना हाकत होती. मग तेच बैल नांगराला जुंपले, आणि सासूच्या हाकेवर द्वारका पिवळ्यावर काळं ओढत आली, तास धरून, न थांबता. कोपऱ्यातला एक पट्टा मात्र सासूने बियासाठी उभा ठेवायला लावला.

संक्रांतीला ज्वारी छातीइतकी होती, मोतीदाणी, दुधाळ. अंबऋषी सकाळीच आला आणि ओळींमधून हिंडला. लव्हाळा होता; खोटं कशाला बोला? पण तुरळक, दुबळा, ज्वारीच्या पायाशी अंग चोरून उभा. अंबऋषीने त्याच्याकडे बघितलं, मग बांधापलीकडच्या आपल्या उसाकडे बघितलं, जिथे लव्हाळा गुडघाभर माजला होता.

"वैनी," तो म्हणाला, "तागाचं बी किती ठिवलंय?"

"तुमच्या बांधापल्याड पुरंल एवढं," द्वारका म्हणाली. "पर आमच्या वावरात आजून दोन साल ताग घ्यावा लागंल. ते आदी."

हौसाबाई तोवर कोपऱ्यात पोचली होती. उभ्या ठेवलेल्या तागाच्या शेंगा वाळून टणक झाल्या होत्या. तिने एक काडी मोडली आणि कानाशी धरून हलवली. पोरगी सासरी नांदल्याची खबर यावी तशी ती हसली. उत्तरेचं गार वारं सुटलं, आणि सगळा पट्टा एकदम वाजू लागला, घरात नवा पाळणा हलावा, त्यावरचा खुळखुळा वाजावा, तसा. हळू, हळू, खुळखुळ, खुळखुळ.