दवंडी कोणी द्यायची

बाळांनो, एक गाव डोळ्यांसमोर आणा. लातूर जिल्हा नवा होऊन अजून वर्ष झालेलं नाही. उन्हाळा आहे आणि मागचा पावसाळा कोरडाच गेला आहे. गावाबाहेर रेल्वे स्टेशन आहे, आणि स्टेशनाला लागून जमिनीची एक लांबट पट्टी. तिच्याकडे नीट बघा, कारण सगळं भांडण तिचंच आहे.

निजामाच्या काळात ही पट्टी लिंबाजींच्या आजोबांची होती. हलगी वाजवत गावभर फिरायचं आणि सरकारी हुकूम ओरडून सांगायचे, म्हणजे दवंडी द्यायची, या कामाबद्दल ती त्यांच्याकडे आली होती. पुढे रेल्वेने जादा रूळ टाकायचे म्हणून ती घेतली. रूळ टाकलेच नाहीत. जमीन गेली आणि काम तेवढं घरात राहिलं. छप्पन साली लिंबाजी बौद्ध झाले. त्यांनी हलगी खाली ठेवली आणि सांगितलं, आमच्या घरातून आता दवंडी होणार नाही. गावाने काही दिवस वाट पाहिली, मग सवय करून घेतली.

आता रेल्वेने कळवलं होतं की पट्टी आम्हाला नको. सरकार ती विकणार होतं. पण विकण्याआधी जुन्या मालकाला किंवा त्याच्या वारसाला विचारायचं, ठरलेल्या किमतीला परत घेता का, असा नियम होता. लिंबाजींना ती हवी होती. त्यांच्याकडे दुसरी जमीन नव्हती. मालकाने मुदतीत मागितली नाही, तर लिलाव होणार होता आणि शेजारच्या शेताचे हणमंतराव लिलावाची वाट बघत होते. मुदत सोमवारी संपत होती.

शनिवारी लिंबाजी आपली नात सिंधु हिला घेऊन चावडीवर गेले. तलाठी किशनराव पंख्याखाली बसले होते. पंखा बंद होता.

"साहेब, हा माझा अर्ज. पट्टी मला पाहिजे."

"घेता येत नाही," किशनराव म्हणाले. "तुम्हाला अजून कळवलेलं नाही."

"मला तर कळलंय. चावडीच्या भिंतीवरली नोटीस मी सोता वाचली."

"तुम्हाला कळलं हे तुम्ही म्हणता. कळवलं असं कागद म्हणत नाही. नोटीसही लावायची आणि दवंडीही द्यायची, असा आदेश आहे. दवंडीचा पंचनामा झाला की अर्ज घेतो."

"मग द्या की दवंडी."

"दवंडी कोतवाल देतो, आणि त्याची जागा रिकामी आहे. नव्या जिल्ह्यात अजून भरलेली नाही." किशनरावांनी अर्ज लिंबाजींकडे परत सरकवला. "गावात ते काम कुणाच्या घराकडे होतं, तुम्हाला माहीतच आहे."

"हाव. माहीत हाय. होतं."

"एकदाच वाजवा की, काका. दवंडी तुमच्याच जमिनीची आहे."

"जमीन परत घ्यायला आलोय, साहेब. हलगी न्हाई."

बाकावर किराणा दुकानदार गुरुपादप्पा बसले होते. किशनरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "माझ्याकडं कशाला बघता? मी हलगी धरली तर उद्या बायको घरात घील का?"

"मग तुम्हीच वाजवा, साहेब," लिंबाजी म्हणाले.

"मी तलाठी आहे."

"तेच म्हणतोय. सरकारी काम हाय."

तेवढ्यात हणमंतराव दारातून डोकावले. "काय घाई हाय, लिंबाजी? सोमवार काय लांब न्हाई."

सिंधु सातवीत होती. तिने विचारलं, "साहेब, आदेशात हलगी लिहिलीय का?"

किशनरावांनी आदेश उघडला. त्यात लिहिलं होतं, गावाच्या चालू रिवाजाप्रमाणे दवंडी द्यावी. "रिवाज म्हणजे हलगीच," ते म्हणाले.

"तुम्ही इथं आल्यापासून ती कधी वाजली?"

"नाही."

"मग ती चालू कशी?"

गुरुपादप्पा हसले. "पोरगी वकील होणार बघा."

"मग चालू काय आहे, ते तू सांग," किशनराव म्हणाले.

सिंधुने पाण्याच्या टँकरचा हॉर्न सांगितला. किशनरावांनी आदेश पुन्हा वाचला. टँकरबद्दल त्यात काही नव्हतं, पण टँकरच्या विरुद्धही काही नव्हतं.

रविवारी पाण्याचा टँकर आला. चालवणारा नरसिंग देगलूरकडचा होता. सिंधुने त्याला सगळं समजावून सांगितलं. "वाजवतो की, अम्मा," तो म्हणाला. "त्याला काय पैसे पडतात?" त्याने हॉर्न दाबला आणि दाबूनच धरला.

त्या उन्हाळ्यात दुसऱ्या कुठल्याही आवाजाला गाव एवढ्या लवकर बाहेर येत नसे. सगळ्या गल्ल्यांतून घागरी आल्या, डबे आले, एक बिनदांड्याची बादली आली. गडी शेतावर गेला होता म्हणून हणमंतराव स्वतः हंडा घेऊन आले. सिंधु टँकरच्या पायरीवर चढली आणि तिने नोटीस पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचली. नळी अजून सोडली नव्हती, त्यामुळे कुणी जागचं हललं नाही.

किशनरावांनी पायरीवरच पंचनामा मांडला. "हणमंतराव, ऐकलं का?"

"ऐकलं."

"मग पंच म्हणून सही करा."

हणमंतरावांनी हंड्याकडे पाहिलं, मागच्या रांगेकडे पाहिलं, आणि सही केली.

"लिंबाजीकाका, तुम्हाला कळलं?"

"आता कळलं," लिंबाजी म्हणाले आणि त्यांनी अर्ज पुढे केला. किशनरावांनी तो घेतला. मग ते लिहिता लिहिता थांबले. "एक रकाना राहिला. दवंडी देणाऱ्याचं नाव. सिंधु लिहू ना?"

लिंबाजींनी अर्जाचं टोक पुन्हा धरलं. "न्हाई. आमच्या घरातून दवंडी न्हाई. ते लिहिणार असाल, तर अर्ज द्या माघारी."

"नाव नसलं तर लातूरहून कागद परत येईल, काका."

"येऊ द्या."

किशनरावांनी सिंधुकडे पाहिलं. रांगेनेही पाहिलं. नरसिंग नळी हातात धरून उभा राहिला.

सिंधु पायरीवरून खाली आली. तिने किशनरावांच्या हातातला पेन घेतला, 'दवंडी देणारा' हे छापील शब्द एका सरळ रेघेने खोडले, वर 'नोटीस वाचून दाखवणारी' असं लिहिलं, आणि आपलं पूर्ण नाव सावकाश घातलं.