ऊर्जागुरूंची चटई

मैदानाच्या कडेला पाय ठेवायला जागा नव्हती. मुलींचे आईबाप, शेजारच्या क्लबची पोरं, गवत कापणारा, कॅन्टीनवाला, सगळे टाचा उंचावून एका टेबलाकडे बघत होते. टेबल माझं होतं. मी मुलींच्या या फुटबॉल क्लबची फिजिओथेरपिस्ट, एरवी त्यावर मुलींचे दुखरे पाय तपासते. त्या संध्याकाळी तिथे माझी भाची बारकी पालथी झोपली होती, आणि पांढऱ्याशुभ्र ट्रॅकसूटमधला एक गृहस्थ तिच्या मांडीवरून काळा खडा फिरवत होता. सगळे त्याला ऊर्जागुरू म्हणायचे.

"मांडीच्या मागे माणसाचा भूतकाळ साठतो," ऊर्जागुरू सांगत होते. "जुने राग, जुनी भांडणं. तुम्ही व्यायाम करकरून ती गाठ आणखी आवळता. मग वेग येणार कुठून, बेटा?"

मांडीच्या मागे हॅमस्ट्रिंगचे स्नायू असतात. धावताना पुढे झेपावलेला पाय तेच आवरतात आणि तेच मागे खेचतात. ते कमजोर राहिले तर भरधाव धावताना फाटतात. इतकी वर्षं मांड्या चाचपतेय, भूतकाळ काही मला तिथे सापडलेला नाही. पण माझं ऐकतंय कोण?

खडा फिरवण्याआधी त्यांनी बारकीचा गुडघा वाकवून पाय खाली दाबला होता. "जोर लाव, सोडू नकोस," असं म्हणेपर्यंत पाय खाली आला. खडा फिरवून झाल्यावर त्यांनी डोळे मिटले, काहीबाही पुटपुटले आणि पुन्हा दाबलं. आता पाय जागचा हलेना. बायकांनी तोंडावर हात ठेवले.

मग धाव. आमच्या मैदानाला लागून इस्पितळ आहे, म्हणून संध्याकाळी शिट्टी वाजवायची नाही असा नियम. त्यामुळे खेळाडूचा पाय रेषा ओलांडतो तेव्हा आमचे कोच घड्याळ सुरू करतात. खड्याआधी बारकी रेषेवर उभी राहून धावली होती. खड्यानंतर ऊर्जागुरूंनी तिला रेषेमागे अंथरलेल्या चटईवर उभं केलं, पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "इथून ऊर्जा घेऊन जा." ती सुटली. घड्याळात अर्ध्या सेकंदाहून जास्त फरक पडला.

"ताई, घड्याळ माझ्या हातात होतं," कोच मला म्हणाले. माणूस सरळ, पण भारावलेला. "रविवारी फायनलला बारकी पूर्ण वेळ खेळेल."

हीच मांडी तिने मागच्या मोसमात दुखावली होती. ती गुडघ्यांवर बसायची, मी तिचे घोटे धरायचे आणि ती हळूहळू पुढे झुकायची. या कंटाळवाण्या व्यायामाने मांडी कुठे सुधारू लागली होती, तोवर हा खडेवाला उगवला आणि बाईसाहेबांनी व्यायाम सोडून दिला.

तेवढ्यात कुबड्या टेकत आमची कॅप्टन पुढे आली. याच गुरूंच्या नादाने तिनेही व्यायाम सोडला होता, आणि मागच्या सामन्यात तिचा हॅमस्ट्रिंग फाटला. ऊर्जागुरूंनी सगळ्यांदेखत तिला विचारलं, "मनात शंका होती ना तुझ्या?"

"होती," ती मान खाली घालून म्हणाली. "माफ करा."

मला किळस आली. फाटलेल्या पायाची पोर त्या माणसाची माफी मागत होती, आणि तो मोठ्या मनाने तिला माफ करत होता. आसपासची शहाणीसुरती माणसं माना डोलावत होती.

मी पुढे झाले. "थोडी ऊर्जा माझ्यातही आहे. दाखवू?"

लोक हसले. मी बारकीला पुन्हा पालथं झोपवलं, गुडघा वाकवला, पाय दाबला. खाली आला. मग खिशातला कपाटाच्या चाव्यांचा जुडगा तिच्या मांडीवरून फिरवला, पुटपुटायचं म्हणून घरी न्यायच्या भाज्यांची नावं पुटपुटले आणि पुन्हा दाबलं. पाय हलला नाही. हसणं थांबलं.

"मावशी, तू हात बदललास," बारकी मान वळवून म्हणाली. "आधी टाचेवर होता, आता वर पोटरीवर, गुडघ्याजवळ आहे."

"आणि त्यांचा?"

तिने हात मागे नेऊन पोटरी चाचपली. "त्यांचाही."

सामानाच्या खोलीचं दार जवळच होतं. मी कोचना ते बिजागरीजवळ ढकलायला सांगितलं आणि बारकीला कडीजवळ दोन बोटं लावून थोपवायला सांगितलं. कोच लालबुंद झाले, दार काही हलेना. "टाचेवर दाबलं की थोडक्यात काम होतं," मी म्हटलं, "गुडघ्याजवळ दाबलं की घाम फुटतो. यात खड्याचं काय काम?"

"पण घड्याळ?" कोचनी विचारलं.

"आता खडा नको, फक्त चटई ठेवू."

बारकी चटईवरून धावली. वेळ तीच आली, खड्यानंतरची. कोच घड्याळाकडे बघत राहिले, मग चटईकडे. "मी घड्याळ सुरू करेपर्यंत हिने वेग घेतलेला असतो," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "आधी मात्र ती उभ्या जागेवरून निघाली होती."

"शंकेखोर माणसांजवळ ऊर्जा आटते," ऊर्जागुरू चटई गुंडाळत म्हणाले.

"माझ्या चाव्यांची नाही आटली," मी म्हटलं. गर्दीतून वाट काढताना त्यांची ती चटई दोनदा हातातून निसटली. उचलून द्यायला कोणी वाकलं नाही.

कॅप्टन तिथेच उभी होती. "म्हणजे माझ्या शंकेमुळे नाही फाटला?"

"शंकेने स्नायू फाटत नाहीत, बाळा. तुझी शंकाच खरी होती." ती तोंड फिरवून रडली. त्या माणसाला मी याची माफी कधीच देणार नाही.

कोचनी रविवारी बारकीला बाकावर बसवायचं ठरवलं. ती माझ्याशी बोलेना. मैदान रिकामं झालं, मी टेबल आवरू लागले, आणि मागून तिचा आवाज आला. ती गवतावर गुडघे टेकून बसली होती, अजून फुरंगटलेली.

"धर ना घोटे," ती म्हणाली. "किती दिवस लागतील?"

"बरेच. आणि वेग वाढेल तो नखभर."

"नखभर चालेल."

मी तिचे घोटे धरले. ती थरथरत पुढे झुकली आणि मध्येच तोंडावर आपटली.

वाचणाऱ्यांनो, तुमच्या लेकीच्या पायावर कोणी खडा फिरवू लागला, तर खड्याकडे बघू नका. त्याचा दुसरा हात कुठे आहे ते बघा, धाव कुठून सुरू होते ते बघा. आणि पाय दुखावल्यावर जो पोरीलाच माफी मागायला लावतो, त्याला आधी दार दाखवा.