नाक झिजलेलं माकड

"दादा, याला तेवढं नाक बसवून द्या," म्हणत ओनामीनं बाहीतून लाकडी माकड काढून यासाबुरोच्या पुढ्यात ठेवलं.

अक्रोडाएवढं माकड. यासाबुरोनंच तरुणपणी तिच्या नवऱ्यासाठी, गेन्रोकूसाठी कोरलेलं. किमोनोला खिसे कुठले? पुरुषमाणसं तंबाखूची पिशवी दोरीनं कमरपट्ट्याला लटकवीत. ती निसटू नये म्हणून दोरीच्या वरच्या टोकाला असं नेत्सुके अडकवलेलं असे.

"अहो वहिनी, कानही गेलाय! गेन्रोकूनं हे वापरलं की चघळलं?"

"सारखा अंगठा त्याच्यावर. माझ्याशी भांडताना तर जास्तच." ती हसली, मग पदराशी चाळा करावा तसा बाहीशी करत राहिली. "वर्ष होईल आता त्यांना जाऊन. शिंकिची उद्या तोक्योला निघालाय, रेल्वेत नोकरीला. बापाची आठवण म्हणून द्यायला गेले, तर म्हणतो, आई, हे माकड आहे की बटाटा?"

नाक पुन्हा कोरायला मिळणार म्हणून यासाबुरोला मनातून बरंच वाटलं. त्याची बाकीची सगळी माकडं जहाजांतून परदेशी गेली होती, नाकाकानांसकट काचेच्या कपाटांत बसली होती. गावात उरलेलं हे एकच, आणि तेही गेन्रोकूनं पुसत आणलेलं. त्यानं पातं परजलं. माकड खिडकीकडे धरलं.

"जरा खोल जावं लागेल. वरचा गुळगुळीत थर निघेल."

"निघू दे की." मग ती थबकली. "कुठला थर?"

"गेन्रोकूच्या अंगठ्यानं झालेला."

यासाबुरोनं आपला अंगठा माकडाच्या तोंडावर ठेवला. तो किंचित डावीकडे घसरला आणि एका खोलगट जागी अलगद बसला.

"एवढं गुळगुळीत मला जन्मात जमलं नाही, वहिनी," म्हणत त्यानं पातं म्यान केलं.

जुनी दोरी विरली होती. त्यानं नवी ओवली आणि गाठ माकडाच्या पाठीमागच्या मोठ्या भोकात ओढून दडवली.

"पण शिंकिचीच्या पाटलोणीला खिसे आहेत हो. लटकवणार कुठे?"

"खिशात ठेवू दे. अंगठा खिशातही पोचतो."

माकड बाहीत टाकून ती निघाली. यासाबुरो दारातून पाहत राहिला. पुलाच्या मध्यावर ती कठड्याशी थांबली. हात बाहीत होता, तरी कोपर हळूहळू हलताना दिसत होतं. माकड उद्या सकाळच्या गाडीनं जाणार होतं. तिला घरी जायची घाई नव्हती.