शेवटी एंटर नव्हतं

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा खोडलं. यात मी काही चांगला दिसत नाही.

चष्मा हा माझा शाळेपासूनचा दोस्त, हे नाव तेव्हाच पडलेलं. रक्त तपासणाऱ्या एका छोट्या दवाखान्यात काउंटरवर बसतो. सकाळी रक्त द्यायला येईल त्याचं नाव आणि फोन नंबर एका फाईलीत टाइप करतो. एका ओळीत एक माणूस. संध्याकाळी निकाल आले की माझा प्रोग्राम ती यादी वाचायचा आणि ज्याचा निकाल बिघडलेला, त्याला मेसेज धाडायचा: 'आजच येऊन भेटा.' मी हे कुठे शिकलेलो नाही. व्हिडिओ बघत, धडपडत जमवलंय. पण दोन महिने चाललं की! दवाखान्यात पाटीसुद्धा लागली: मेसेज नाही, तर काळजी नाही.

परवा दुपारी मी तिथेच स्टुलावर बसून फुकटचा चहा पीत होतो. चष्म्याने छापील रिपोर्टांचा गठ्ठा सोडला आणि एक कागद बाजूला काढला.

"काय रे?"

"आईचा आहे."

पोटॅशियमच्या आकड्याखाली लाल रेघ. तारीख तीन दिवसांपूर्वीची.

"मेसेज?"

"आला असता तर इथे बसलो असतो का, गाढवा?"

दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला आणि ताडकन उभ्या राहिल्या. "आत्ताच्या आत्ता घेऊन या. हे हृदयावर जातं."

घरी काकू, चष्म्याची आई, भिंत धरून चालत होत्या. "पाय जरा जड झालेत, वय झालं. पण मेसेज कुठे आलाय? म्हणजे मी ठणठणीत!" वर मलाच म्हणाल्या, "तुझ्याच मशीनवर तुझा विश्वास नाही होय रे?"

मी रिक्षा आणायला धावलो.

काकूंना मोठ्या हॉस्पिटलात ठेवून घेतलं. बाहेरच्या बाकावर मी लॅपटॉप उघडला. त्या दिवशीच्या यादीत काकूंचं नाव होतं, सगळ्यात शेवटी. नंबर बरोबर. मग कर्सर त्या ओळीच्या पुढे न्यायला गेलो. जाईना. पुढे काहीच नव्हतं. एंटरच नव्हतं.

एंटर दाबलं की फाईलीत एक न दिसणारी खूण पडते. माझा प्रोग्राम ती खूण येईपर्यंत अक्षरं गोळा करायचा. खूण आली की ओळ पुरी. आणि खूण न येताच फाईल संपली तर? हातातली अक्षरं सरळ फेकून द्यायचा. हातातलं माणूस.

"तू शेवटी एंटर दाबत नाहीस?"

"संपल्यावर कशाला? पोट भरल्यावर कुणी ताट पुढे करतं का?"

खरं सांगतो, क्षणभर सुटल्यासारखं वाटलं. चूक त्याची! ओठांवर आलंही होतं. पण प्रोग्राम तपासताना मी माझ्या प्रत्येक फाईलीत सवयीने शेवटी एंटर दाबत आलो होतो. चष्मा कसा टाइप करतो ते दोन महिन्यांत एकदाही शेजारी बसून बघितलं नाही.

"थांब," चष्मा म्हणाला. "आमच्याकडे घरचे लोक शेवटी घेतात. आधी बाहेरचे, मग आपले."

जुन्या फाईली उघडल्या. झाडूवाल्या मावशींचा नवरा. नर्सताईचा भाऊ. डॉक्टरीणबाईंचे सासरे. रोज शेवटी कुणीतरी आपलंच. एकालाही मेसेज जाणं शक्यच नव्हतं, आणि पाटी वाचून सगळे निवांत.

मी तिथेच दोन ओळी घालून प्रोग्राम दुरुस्त केला. दोन ओळी! डॉक्टरीणबाईंना फोन केला, सगळं सांगितलं. त्यांनी ते सगळे निकाल पुन्हा काढायला घेतले. मग आतून नर्स आली. काकूंचं हृदय आता नीट चाललंय म्हणाली. चष्म्याने ती सगळी नावं एका कागदावर उतरवून घेतली.

"मावशींना काय तोंड दाखवू? नावं तर मीच टाइप केली."

"तू कुठे जाऊ नकोस. काकूंजवळ बस. यादी मला दे. आज एकेकाच्या दारात मी जाणार, फोन करणार नाही. आणि चूक माझी होती, हे माझ्याच तोंडाने सांगणार. शब्द देतो."