आप्पा भाव सोडतात

आप्पा मगदुमांनी पहिल्यांदा भाव उतरवला तेव्हा त्यांच्या घराची मागची खोली गेली. पडली नाही, मोडली नाही. दाराच्या जागी सपाट भिंत होती, आणि आत कपड्यांच्या घड्या घालत बसलेल्या शकुंतलाकाकू कपड्यांसकट माझ्या शेजारी, सोफ्यावर होत्या.

"इथंच घालते," त्या म्हणाल्या आणि साडीचं टोक माझ्या हातात दिलं. मी ते धरलं.

मी जयसिंगपुरात हाच धंदा करतो. विसार देऊन घर अडवायचं आणि खरेदीखत व्हायच्या आत दुसऱ्याला चढ्या भावानं द्यायचं. या घराला गिऱ्हाईक तयार होतं. आप्पांना घाई होती. काकूंचे गुडघे गेले होते आणि दोघांना धारवाडला मुलीकडे राहायला जायचं होतं. घाईतल्या माणसाशी फार बोलावं लागत नाही. भिंतीला हात लावून मी "ओल दिसते" म्हणतो आणि गप्प बसतो. समोरचा आपणहून खाली येतो.

मी भिंतीला हात लावला. आप्पा आणखी खाली आले. स्वयंपाकघर गेलं. काकूंनी गॅसवर ठेवलेलं चहाचं पातेलं खिडकीत आलं. चहा अजून उकळत होता.

आता गिऱ्हाइकाला काय दाखवायचं, एवढीच मला काळजी वाटली.

"ठरलं, आप्पा," मी म्हणालो. "आता इथंच थांबू."

आप्पा माझ्याकडे बघत राहिले. ते वीज मंडळातून निवृत्त झालेले, सरळ माणूस.

"तुमच्या तोंडावर समाधान नाही," ते म्हणाले. "घर देताना घेणाऱ्याचं मन खट्टू नको. आणखी थोडं सोडतो."

छत खाली आलं आणि माझ्या केसांना टेकलं. पलीकडची भिंत सरकून गुडघ्यांना लागली. बाहेरचं दार ताटाएवढं झालं होतं. त्यातून माझी मोटारसायकल दिसत होती, नेहमीएवढीच.

"आप्पा, मी वाढवून देतो," मी म्हणालो. "तुम्ही सकाळी सांगितलात तोच भाव. त्याच्यावर आणखी देतो."

"असं कसं? एकदा सोडलेलं मी परत घेत नाही."

"मी खुशीनं देतोय."

"तुम्ही द्याल. मला घेववणार नाही."

"काकू, तुम्ही तरी सांगा त्यांना."

काकू मान वाकडी करून बसल्या होत्या, कारण सरळ करायला वर जागा नव्हती. त्यांनी माझ्या कपाळावरचा घाम पदरानं टिपला.

"लेकरू घाबरलंय हो," त्या आप्पांना म्हणाल्या. "मागाल त्या भावाला घेतो म्हणतंय. घरी काहीतरी अडचण असणार. आपल्याला दोघांना किती लागतंय? सोडा त्याला अजून."

"नको," मी म्हणालो.

"लाजू नको."

आप्पांनी सोडलं. सोफा गेला. आम्ही तिघं जमिनीवर, एकमेकांत पाय अडकवून बसलो. काकूंचा दुखरा गुडघा माझ्या छातीवर होता. त्या कण्हल्या नाहीत. उलट मला लागतंय का, असं त्यांनी विचारलं. मी सगळं खरं सांगायचं ठरवलं. घर मला नकोच आहे, माझं गिऱ्हाईक आहे, मधले पैसे माझे आहेत. पण बोलायला छाती फुगवावी लागते आणि तेवढी जागा नव्हती.

मी गप्प राहिलो.

"बघा, अजून गप्पच," काकू हळूच म्हणाल्या.

आप्पांचे डोळे माझ्या डोळ्यांपासून बोटभर अंतरावर होते. त्यांत पाणी आलं.

"असं करू," ते म्हणाले. "तुम्ही काही देऊच नका. घर तसंच..."

मला त्यांच्या तोंडावर हात ठेवायचा होता. हात आधीपासून तिथंच होता, ठेवायला दुसरी जागा नव्हती. तळव्याखाली त्यांचे ओठ हलत होते.