भुरीचे वजन

माझा काटा शून्यावर थांबत नाही. तो एक रेघ पुढे, वीस ग्रॅमवर थांबतो. ताट रिकामे असले तरी ते वीस ग्रॅम तिथे असतातच. एका दिवाळीत माझ्यावर गुळाची अख्खी ढेप ठेवली गेली, तेव्हापासून माझी स्प्रिंग तेवढी कायमची वाकली.

मित्रांनो, मी स्वयंपाकघरातला एक जुना वजनकाटा आहे. समोर गोल तबकडी, वर स्टीलचे ताट, आणि पाच किलोपर्यंत मोजण्याची ताकद. उस्मानपुऱ्यातल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या घरात मी चौदा वर्षे आहे. सुरेखाताई घरूनच लाडू आणि शेव करून देतात. त्यांचे बेसन, साखर, काजू सारे मी तोलले. "वीस वजा करायचे विसरू नको गं," असे त्या आपल्या लेकीला, तनुजाला सांगत. तनुजा वजाबाकी शिकली ती माझ्याच तबकडीवर. त्या दिवसांत लोक सुरेखाताईंचे माप खरे म्हणत, आणि मी मनातल्या मनात सुखावत असे.

पुढे बटणांचा नवा काटा आला. मला बाल्कनीतल्या खालच्या फळीवर ठेवले गेले आणि माझ्या ताटात लसणाचे गड्डे आले. त्याचे मला फार वाईट वाटले नाही. वाईट वाटले ते या वर्षी.

त्या घरात मनी नावाची मांजर आहे. रिकाम्या डब्यांच्या मागे तिने दोन पिल्ले घातली. करड्या रंगाची ती भुरी आणि अंगावर काळे ठिपके असलेली ती ठिपकी. तनुजाची आजी आवडाबाई मूळची पाचोडची. भुरीवर तिचा भारी जीव. भुरी दिवसभर तिच्या पदरात झोपे. भुरीचे पोट चेंडूसारखे गोल होते आणि आजी ते सगळ्यांना कौतुकाने दाखवी.

"बघ, कसं टमटमीत झालंय. लई खाती माझी बाई."

"आजी, पाठीला हात लाव ना. हाडं लागतात," तनुजा म्हणाली.

"तुझी तरी कुठं लागत नाय? डब्यातली पोळी परत आणतीस ती."

तनुजा हसली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून येताना ती गुरांच्या दवाखान्यात डॉक्टर करुणाताईंना विचारून आली. त्यांनी सांगितलेले तिने वहीत लिहून आणले आणि मोठ्याने वाचले. पोट फुगलेले आणि कणा हाताला लागणारा, म्हणजे बहुतेक जंत. ते आईच्या दुधातूनही पिल्लात येतात, म्हणून औषध मनीलाही द्यायचे. एकदा देऊन भागत नाही, पंधरा दिवसांनी पुन्हा द्यायचे. माणसांची गोळी तोडून द्यायची नाही. आणि औषध किती, हे वजनावर ठरते.

"वजनावर?" आवडाबाईंनी विचारले.

"हो. तिथं आधी काट्यावर ठेवतात."

"मग नाय न्यायचं. जित्या जिवाला तागडीत घालू नाय."

"आत्याबाई, औषधासाठीच तर आहे ते," सुरेखाताई हळूच म्हणाल्या.

"अमावास्या जाऊ दे. मग बघू."

अमावास्या गेली. मग शनिवार नको झाला. मग पाहुणे आले. सुरेखाताईंनी सासूचा शब्द कधी मोडला नव्हता, तो याही वेळी मोडला नाही. आवडाबाईंनी मात्र आपल्या लेकरांना देत तसे वावडिंग घालून उकळलेले दूध भुरीला चमच्याने पाजले. ते त्यांनी मायेनेच केले. जंत हलले नाहीत. भुरीला जुलाब मात्र लागले.

आता मला जे सांगायचे आहे ते माझ्याखेरीज कोणालाच ठाऊक नाही. एका सकाळी भुरी आपली आपणच माझ्या ताटात चढली. उन्हाने ताट कोमट झाले होते. लसूण बाजूला ढकलून, खाली पाडून ती तिथे निजली. काटा सहाशे चाळीसवर गेला. वीस वजा केले तर सहाशे वीस. आठ दिवसांनी ती पुन्हा आली. या वेळी तिला दोनदा उडी मारावी लागली. लसूण पुन्हा खाली पडला. काटा सहाशेवर थांबला. म्हणजे पाचशे ऐंशी.

दोन महिन्यांच्या पिल्लाचे वजन आठवड्याला साधारण शंभर ग्रॅमने वाढते, मित्रांनो. भुरीचे चाळीसने उतरले होते. तबकडी भिंतीकडे वळलेली होती. कोणी पाहिले नाही, आणि मला बोलता येत नाही.

पुढच्या मंगळवारी भुरीला ओकारी झाली. त्यात शेवईच्या काडीसारखे पांढरे जंत वळवळत होते. ते पाहून सुरेखाताईंनी हातातले पीठ तसेच टाकले आणि रिक्षा बोलवायला त्या खाली धावल्या. त्या वर येईपर्यंत आवडाबाईंच्या मांडीवर पदर पसरलेला होता, आणि पदराखाली काही हलत नव्हते.

सुरेखाताई आणि तनुजा भुरीला गल्लीच्या टोकाच्या कडुनिंबाखाली पुरून आल्या. तनुजा आजीला एका शब्दानेही बोलली नाही. ती बोलली असती तर आजीला सोपे गेले असते, असे मला वाटते.

मित्रांनो, तुमच्याही घरी मांजर असेल. तिच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे काही दिसले, पोट फुगून पाठ वाळली, तर मुहूर्त पाहू नका. काही दिसले नाही तरी डॉक्टर सांगतील त्या तारखांना औषध द्या. तिच्या अंगावरच्या पिसवा काढा, तिची घाण रोज उचला, आणि तिला कुरवाळल्यावर हात धुऊन मगच जेवा. आणि तिला तोला. तोलल्याने जीव उणा होत नाही. तो उणा होत असेल तर तेवढे कळते.

दोन दिवसांनी ठिपकीचेही पोट तसेच दिसू लागले. तनुजाने माझ्या ताटातला लसूण काढला, मला पुसले आणि आजीच्या पुढ्यात जमिनीवर आणून ठेवले. मग ठिपकीला छातीशी धरून ती बसून राहिली.

आवडाबाईंनी माझ्या तबकडीकडे पाहिले.

"माझा थोरला," त्या म्हणाल्या, "चार महिन्यांचा होता. पाचोडच्या बाजारात दाण्याच्या तागडीत बसवला त्याला. गंमत म्हणून. सगळे हसले, मीबी हसले. पाचव्या दिवशी गेला."

"कशानं, आजी?"

"तापानं." त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "तापानंच गेला, ठावं हाय मला. पण तापाला शिव्या कुठं जाऊन देणार? तागडी रोज समोर दिसायची."

स्वयंपाकघराच्या दारात सुरेखाताई येऊन उभ्या होत्या. ठिपकी तनुजाच्या हातात चुळबुळ करत होती. आवडाबाईंनी हात पुढे करून तिच्या पाठीच्या कण्यावरून बोट फिरवले, एकेका मणक्यावर थांबत.

"ठेव तिला काट्यावर," त्या म्हणाल्या. "आणि वीस वजा कर."